‘मी’ म्हणजे नेमका कोण?

इंदूरच्या साउथ तुकोगंजातल्या एखाद्या मराठी घरात फोन वाजतो. बारा वर्षांचा मुलगा उचलतो, ऐकतो, ठेवतो आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडतो, “आत्या म्हणाली की मी नाथ मंदिरापाशी थांबते, आईला पाठव.” आई पिशवी घेते आणि निघते. मंदिरापाशी कोण थांबलंय, कोणी कोणाला पाठवायचंय, याबद्दल तिला क्षणभरही शंका येत नाही. वाक्यातला ‘मी’ हा बोलणारा मुलगा नव्हे, त्याची आत्या आहे. ‘थांबते’ या रूपाने थोडी मदत केली असेल, पण ती नसती तरी काही अडलं नसतं. मराठी कानाला हे शिकवावं लागत नाही.

तोच मुलगा संध्याकाळी इंग्रजीच्या वहीत लिहितो, “आंट सेड दॅट आय अ‍ॅम वेटिंग निअर द टेम्पल.” बाई त्यावर लाल रेघ ओढतात. रेघ योग्यच आहे. इंग्रजी वाचणाऱ्याला या वाक्यात आत्या दिसतच नाही; मंदिरापाशी मुलगाच उभा आहे आणि ही बातमी आत्याने दिली आहे, असा त्याचा सरळ अर्थ होतो.

मुलाचा हा निष्काळजीपणा नाही. त्याने त्याच्या भाषेचा नियम चोख पाळला आणि दुसऱ्या भाषेत नेला. तुकोगंजात तर त्याला दोन्हीकडून पाठबळ मिळतं. तुकोजीराव होळकरांच्या नावाच्या या भागात घरात मराठी असली तरी उंबऱ्याबाहेर हिंदी आहे. मध्यभारत हिंदी साहित्य समितीची वास्तू इथेच, रवींद्रनाथ टागोर मार्गावर. १९१८ साली इंदूरला हिंदी साहित्य संमेलन भरलं, गांधीजी अध्यक्ष होते, आणि हिंदीच राष्ट्रभाषा व्हावी हा त्यांचा आग्रह होता. आता या भाषणाचा वृत्तांत हिंदीत लिहायचा झाला तर कोणीही सहज लिहील, ‘गांधीजी ने कहा कि हिंदी राष्ट्रभाषा हो सकती है।’ ‘सकती है’ हा वर्तमानकाळ, भाषण होऊन शंभर वर्षं उलटली तरी, जागचा हलत नाही. मराठीतही तसंच: ‘होऊ शकते, असं गांधीजी म्हणाले.’ इंग्रजीत मात्र ‘कॅन’चं ‘कुड’ होतं. दोन भाषा एका बाजूला आणि इंग्रजी एकटी दुसऱ्या बाजूला. वहीतली लाल रेघ या दोन बाजूंच्या मधून जाते.

क्लासमध्ये यावर तयार औषध मिळतं. इंदूर हे क्लासेसचं शहर. गीताभवनपासून भंवरकुआँपर्यंत बँकेच्या, रेल्वेच्या, लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी चालते. तिथे या डायरेक्ट-इनडायरेक्ट स्पीचच्या धड्याचं नाव ‘नॅरेशन’, आणि त्याचा पहिला मंत्र ‘सन’. एस, ओ, एन. अवतरणातला प्रथम पुरुष वाक्याच्या कर्त्याप्रमाणे म्हणजे सब्जेक्टप्रमाणे बदला, द्वितीय पुरुष ज्याला सांगितलं त्या ऑब्जेक्टप्रमाणे बदला, तृतीय पुरुषाला नो चेंज. पुढे काळांचा तक्ता: साधा वर्तमान असेल तर साधा भूत, पूर्ण वर्तमान असेल तर पूर्ण भूत, ‘विल’चं ‘वुड’. त्यापुढे शब्दांचा तक्ता: ‘नाऊ’चं ‘देन’, ‘टुडे’चं ‘दॅट डे’, ‘टुमारो’चं ‘द नेक्स्ट डे’, ‘हिअर’चं ‘देअर’. मुलं हे पाढ्यासारखं म्हणतात आणि पेपरात बहुतेक वेळा गुणही मिळवतात.

मंत्र वाईट नाही, पण तो कुठे फसतो ते पाहण्यासारखं आहे. समजा आजोबा गच्चीवरून शेजाऱ्यांना माझ्याबद्दल म्हणाले, “तो हुशार आहे.” मी हे जिन्यात उभा राहून ऐकलं आणि मित्राला इंग्रजीत सांगितलं. ‘सन’ म्हणतो, तृतीय पुरुष आहे, हात लावू नकोस. पण मी ‘ही वॉज क्लेव्हर’ म्हटलं तर मित्र विचारेल, कोण? मला ‘आय वॉज क्लेव्हर’च म्हणावं लागणार. तृतीय पुरुष बदलला, कारण आजोबांचा ‘तो’ म्हणजे मीच. पाठ्यपुस्तकात ही अडचण कधी येत नाही, कारण तिथे बातमी सांगणारा कोणीच नसतो. राम सीतेला काहीतरी म्हणतो आणि ते वाक्य हवेत बदलतं. खऱ्या जगात प्रत्येक इनडायरेक्ट वाक्याला एक तिसरा माणूस लागतो: जो ऐकतो आणि पुढे सांगतो. सगळं व्याकरण त्याच्या जागेवरून ठरतं.

हे तक्ते आपल्याकडे आले कुठून, याची कथा थोडी रंजक आहे. मराठी माणसाने इंग्रजी शिकण्याचा जुना रस्ता म्हणजे द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’. तिच्यात वाक्य मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत असं ये-जा करतं, त्यामुळे दोन भाषांची रीत कुठे वेगळी आहे ते विद्यार्थ्याच्या हाताला आपोआप लागतं. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या जुन्या कपाटांत ही पुस्तकं अजून सापडतात. दुसरा रस्ता ‘रेन अँड मार्टिन’चा. ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ हे त्यांचं पुस्तक १९३०च्या दशकातलं, आणि इंग्रजीतलं वाक्य इंग्रजीतच उलटंपालटं करायचे त्यातले सराव आजच्या क्लासच्या नोट्समध्ये जसेच्या तसे उतरलेले दिसतात. यातले रेन म्हणजे पर्सिव्हल ख्रिस्तोफर रेन. मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरी केलेला हा गृहस्थ पुढे फ्रेंच फॉरिन लीजनमधल्या साहसांवरची ‘बो जेस्ट’ ही कादंबरी लिहून जगभर गाजला. तिच्यावर हॉलिवूडने चित्रपट काढले. आपल्या पोरांना ‘हुर्रे’चं ‘एक्स्क्लेम्ड विथ जॉय’ करायला लावणारा माणूस वाळवंटातल्या किल्ल्यांच्या गोष्टी लिहायचा, हे क्लासमध्ये कोणी सांगत नाही. सांगितलं तर धडा जरा हलका होईल.

आता मूळ गोष्टीकडे. प्रत्येक भाषेत काही शब्द असे असतात की त्यांना स्वतःचा ठरलेला अर्थ नसतो. ‘मी’, ‘तू’, ‘इथे’, ‘आज’, ‘उद्या’, ‘हा’. ‘नाथ मंदिर’ कोणीही म्हटलं तरी नाथ मंदिरच राहतं. ‘इथे’ मात्र बोलणारा जिथे उभा असेल तिथलं होतं. ‘येणं’ आणि ‘जाणं’ ही क्रियापदंसुद्धा याच जातीची आहेत. आत्या फोनवर ‘मी येते’ म्हणते. मी घराबाहेरून, दुसऱ्या गावातून ती हकीकत सांगितली तर ते ‘ती जाणार होती’ असं होऊ शकतं. बोलणारा बदलला की या शब्दांचं बोट दुसरीकडे वळतं. इंग्रजी इनडायरेक्ट स्पीच म्हणजे एवढंच: मूळ बोलणाऱ्याने जिथून बोट दाखवलं होतं तिथून न दाखवता, आता सांगणाऱ्याच्या जागेवरून दाखवायचं.

म्हणून ‘टुमारो’चं प्रत्येक वेळी ‘द नेक्स्ट डे’ होत नाही. मंगळवारी सकाळी वर्गमित्र म्हणाला, “मी उद्या येईन.” त्याच दिवशी दुपारी हे सांगायचं तर उद्या अजून उद्याच आहे, ‘टुमारो’ तसाच राहतो. बुधवारी सांगायचं तर ‘टुडे’. शुक्रवारी सांगायचं तर ‘येस्टरडे’ही नाही, कारण तो बुधवार आता परवा होता, तिथे ‘ऑन वेन्सडे’ किंवा ‘द नेक्स्ट डे’. तक्त्यातला ‘द नेक्स्ट डे’ हा एवढ्या शक्यतांपैकी फक्त शेवटचा. तसंच ‘हिअर’चं. नाथ मंदिराच्या पायरीवर झालेलं बोलणं त्याच पायरीवर बसून सांगत असाल तर ‘हिअर’ बदलायचं कारणच नाही. परीक्षेत मात्र गृहीत असतं की सांगणारा खूप दिवसांनी, दुसऱ्या जागी बसून सांगतो आहे. हे गृहीत वर्गात एकदा मोठ्याने सांगितलं तर निम्मा गोंधळ तिथेच मिटतो. ते सांगितलं जात नाही म्हणून मुलांना वाटतं, इंग्रजीत ‘टुमारो’ हा शब्द ‘दॅट’ दिसला की घाबरून पळतो.

पुरुष आणि जागा-वेळेचे शब्द बदलणं समजायला सोपं आहे. खरा अवघड भाग काळाचा. ‘ही सेड, आय अ‍ॅम टायर्ड’ याचं ‘ही सेड दॅट ही वॉज टायर्ड’ का व्हावं? माणूस म्हणाला तेव्हा दमलेला होता. आत्ताही दमलेला असेल. डेन्मार्कचा व्याकरणकार ओट्टो येस्परसन याने या घटनेला ‘बॅक-शिफ्टिंग’ म्हटलं, म्हणजे क्रियापदाचं एक पाऊल मागे सरकणं. मुख्य क्रियापद ‘सेड’ भूतकाळात गेलं की त्याच्या मागून बांधलेलं क्रियापदही एक पायरी मागे जातं. ‘अ‍ॅम’चं ‘वॉज’, ‘हॅव सीन’चं ‘हॅड सीन’, ‘विल’चं ‘वुड’. ‘वुड’ वेगळं पाठ करायची गरज नाही. ते ‘विल’चंच जुनं भूतकाळी रूप आहे, जसं ‘कॅन’चं ‘कुड’ आणि ‘मे’चं ‘माइट’. साध्या भूतकाळाला मागे जायला पूर्ण भूतकाळाची एकच पायरी उरते, आणि पूर्ण भूतकाळाच्या मागे पायरीच नाही, म्हणून तो तिथेच थांबतो. ‘मस्ट’ला इंग्रजीत भूतकाळी रूप नाही, म्हणून त्याच्या जागी कधी ‘हॅड टू’ येतं, कधी ‘मस्ट’च राहतं. नियमांची लांब यादी वाटते ती मुळात एका पावलाची हालचाल आहे.

मराठी कानाला यात एक चकवा बसतो. ‘शी सेड शी वॉज अ डॉक्टर’ ऐकलं की आपल्याला वाटतं, ‘होती’, म्हणजे आता नाही. इंग्रजी वाक्य असं काही म्हणत नाही. तो ‘वॉज’ काळ सांगत नाही. ‘सेड’शी असलेली बांधिलकी सांगतो. ती आजही डॉक्टर असू शकते. उलट सांगणाऱ्याने ‘शी सेड शी इज अ डॉक्टर’ म्हटलं तर तेही इंग्रजीत चुकीचं नाही, पण त्यात थोडा जास्त अर्थ आहे: ती म्हणाली, आणि ही गोष्ट आत्ताही लागू आहे असं मलाही वाटतं. पाऊल मागे सरकवलं की सांगणारा अंग काढून घेतो. तिचं म्हणणं तिच्यापाशी. पाऊल पुढेच ठेवलं की तोही थोडा जामीन राहतो.

एवढं लक्षात आलं की पुस्तकातला तो ‘सार्वकालिक सत्य’वाला अपवाद अपवाद वाटेनासा होतो. शिक्षकांनी सांगितलं की पृथ्वी सूर्याभोवती फिरते. इथे ‘मूव्ह्ज’ राहतं, कारण सांगणाऱ्यालाही ते मान्य आहे. आता दुसरं वाक्य घ्या: जुन्या काळी लोक म्हणत की सूर्य पृथ्वीभोवती फिरतो. इथे सांगणारा जामीन राहायला तयार नाही, म्हणून ‘मूव्ह्ड’. दोन्ही वाक्यं खगोलाबद्दलचीच. फरक वस्तुस्थितीत नाही, सांगणाऱ्याच्या भूमिकेत आहे. आणि मुख्य क्रियापद वर्तमानात असलं, ‘ही सेज’ असं, तर मागे ओढायला कोणी नाही, काळ जागेवर.

मराठीत काळाला हे बंधन का नाही? कारण आपली भाषा मूळ बोलणाऱ्याला त्याच्या जागेवरून उठवत नाही. त्याचे शब्द शक्य तितके तसेच ठेवते आणि फक्त त्यांच्या शेवटी खूण करते की हे दुसऱ्याचं आहे. ‘उद्या येतो म्हणाला.’ ‘पाऊस पडेल म्हणून छत्री घेतली.’ ‘बरं नाही असं म्हणत होती.’ हे ‘म्हणून’, ‘असं’, ‘म्हणाला’ वाक्याच्या मागे येऊन बसतात. होळकर-पेशव्यांच्या काळची पत्रं चाळली तर ही खूण पानोपानी भेटते. समोरच्याने आपल्या पत्रात काय लिहिलं ते पत्रलेखक आधी पुन्हा मांडतो, त्याच्या शेवटी ‘म्हणोन’ लिहितो, आणि मग ‘त्यास’ म्हणून आपलं उत्तर सुरू करतो. मोडीत ना अवतरणचिन्हं, ना स्वल्पविराम. एक ‘म्हणोन’ सगळं काम करतो. अहिल्याबाईंच्या दरबारातून पुण्याला जाणारी पत्रं दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी ‘महेश्वर दरबारची बातमीपत्रे’ या नावाने प्रसिद्ध केली. इंदूरच्या माणसाला मराठीच्या या रिवाजाचा नमुना पाहायचा तर लांब जायला नको. कोण काय म्हणालं हे बिनचूक कळवणं हाच त्या बातमीदारांचा पेशा होता, आणि त्यांचं तेवढ्यावर भागत असे.

हा रिवाज एकट्या मराठीचा नाही. संस्कृतातला ‘इति’ हेच काम करतो. तेलुगूत ‘अनि’, तमिळमध्ये ‘एन्रु’, कन्नडमध्ये ‘अंत’, बंगालीत ‘बोले’. यांतल्या बहुतेकांचा मूळ अर्थ ‘म्हणून’ असाच, बोलण्याच्या क्रियापदापासून झालेला. भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो याने १९५६ साली भारत हे एक ‘भाषिक क्षेत्र’ आहे असा विचार मांडला: घराणी वेगळी असली तरी शेजाराने भाषा एकमेकींसारख्या झाल्या. पुढच्या अभ्यासकांनी त्या शेजाराच्या खुणांत या ‘म्हणून’चीही गणना केली. वाक्याच्या पुढे येणारा ‘की’ ही दुसरी रीत. ती हिंदीच्या ‘कि’च्या वळणाची, आणि इंदूरच्या मराठीत तिचाच जोर. पुण्याचा माणूस ‘येतो म्हणाला’ म्हणेल तिथे इंदूरचा ‘बोलला की मी येऊन राहिलो’ म्हणेल. पुणेकर यावर हसतो. हसू द्यावं, बोलणाऱ्याचा ‘मी’ शाबूत ठेवण्याच्या बाबतीत दोघेही एकाच बाजूला आहेत.

याचा अर्थ मराठीला इंग्रजीसारखी दृष्टी फिरवता येत नाही असा मात्र नाही. येते, आणि फार सफाईने येते. सकाळचं कोणतंही मराठी वर्तमानपत्र उघडा: ‘आपण राजीनामा देणार नसल्याचे मंत्र्यांनी सांगितले.’ या वाक्यात ‘की’ नाही, ‘म्हणून’ नाही, अवतरण नाही. ‘नसल्याचे’ या रूपाने अख्खं वाक्य एका नामात घडी घालून ठेवलं आहे. आणि त्यातला ‘आपण’ तर खास आहे. तो ‘मी’ नाही, म्हणजे वार्ताहर राजीनामा देत नाही. तो ‘ते’ही नाही, म्हणजे दुसरा कोणी मंत्री नाही. ज्याने सांगितलं तोच, एवढंच हे सर्वनाम सांगतं. इंग्रजीत ‘द मिनिस्टर सेड दॅट ही वुड नॉट रिझाइन’ म्हटलं की ‘ही’ कोण, हा प्रश्न शिल्लक राहतो. मंत्र्याने मुख्यमंत्र्याबद्दल सांगितलं असेल तर? मराठी ‘आपण’ने तो प्रश्न येऊच देत नाही. पोरांना डायरेक्ट-इनडायरेक्ट शिकवताना या वाक्यापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. ‘मी देणार नाही’ याचं ‘आपण देणार नसल्याचे’ कसं झालं हे ज्याला दिसलं, त्याला ‘आय’चं ‘ही’ का होतं हे वेगळं समजावावं लागत नाही.

प्रश्नांच्या आणि आज्ञांच्या वाक्यांवर जास्त वेळ घालवायला नको, पण एक चूक आपल्याकडची खास आहे. ‘त्याने विचारलं की तू कुठे चाललास’ यातला ‘की’ मुलं तसाच उचलून ‘ही आस्क्ड मी दॅट व्हेअर आर यू गोइंग’ असं लिहितात. इंग्रजीत प्रश्नार्थक शब्द असेल तर तोच जोडणारा असतो, त्याच्यापुढे ‘दॅट’ चालत नाही. आणि हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ येतं. शिवाय प्रश्न पोटात गेला की तो प्रश्न राहत नाही, म्हणून शब्दांचा क्रम सरळ होतो आणि प्रश्नचिन्ह गळतं: ‘ही आस्क्ड मी व्हेअर आय वॉज गोइंग.’ मराठीत क्रम मुळातच बदलत नसल्यामुळे आपल्याला हे जाणवत नाही. आज्ञेचं ‘टु’ लावून होतं: टोल्ड, आस्क्ड, ऑर्डर्ड, जसा बोलणाऱ्याचा रुबाब. उद्गारांचं जे पुस्तकी रूपांतर करायला लावतात, ‘अलास’चं ‘एक्स्क्लेम्ड विथ सॉरो’ वगैरे, ते पेपरापुरतं करावं आणि विसरावं. जिवंत इंग्रजीत कोणी असं सांगत नाही. तिथे उद्गार एकतर अवतरणात येतो किंवा सरळ ‘ती हळहळली’ असं होतं.

आता वहीबाहेर येऊन पाहू. तुकोगंजच्या अंगाला, महात्मा गांधी मार्गावर, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचं इंदूर खंडपीठ आहे. तिथे अपिलात ज्या साक्षी वाचल्या जातात त्या खालच्या न्यायालयांत नोंदलेल्या असतात, आणि साक्ष नोंदवणं म्हणजे डायरेक्टचं इनडायरेक्ट करणंच. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने सत्र न्यायालयातली साक्ष साधारणपणे निवेदनाच्या रूपात उतरवायला सांगितलं होतं. प्रश्न आणि उत्तर असं शब्दशः नोंदवणं न्यायाधीशाच्या मर्जीवर सोडलं होतं. २०२४च्या जुलैपासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली. पण उलटतपासणीचा ठरलेला नमुना वकिलांच्या आणि टंकलेखकांच्या हाडीमासी इतका मुरलेला आहे की संहितेचं नाव बदलल्याने त्याला काही होत नाही.

उलटतपासणी करणारा वकील साक्षीदाराला विचारतो, “तुम्ही आज खोटं बोलताय, बरोबर?” साक्षीदार म्हणतो, “नाही.” कागदावर काय उमटतं? इंदूरला हिंदीत: ‘यह कहना गलत है कि मैं आज असत्य कथन कर रहा हूँ।’ महाराष्ट्रात मराठीत: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी खोटी साक्ष देत आहे.’ वकिलाचा ‘तुम्ही’ साक्षीदाराचा ‘मी’ झाला, प्रश्न पोटात गेला, प्रश्नचिन्ह गळलं, आणि ‘नाही’ या एका शब्दाचं पूर्ण वाक्य झालं. जे साक्षीदाराने उच्चारलंच नाही ते आता त्याच्या तोंडी आहे, त्याच्या ‘मी’सकट. इंग्रजीत हेच ‘इट इज इनकरेक्ट टु सजेस्ट दॅट आय अ‍ॅम डिपोझिंग फॉल्सली’ असं लिहितात, आणि काळ मागे सरकत नाही, कारण साक्षीदार आत्ता, न्यायालयात उभा राहून बोलतो आहे. मुख्य क्रियापद ‘इज’ आहे. क्लासमधला नियम इथे तंतोतंत लागू पडतो, फक्त तो लावणाऱ्याला त्याची आठवण नसते.

पण या रूपांतरात काय हरवतं तेही पाहावं. साक्षीदार ‘नाही’ म्हणताना अडखळला का, ताडकन म्हणाला का, की प्रश्नच त्याला कळला नव्हता, हे कागदावर राहत नाही. काही वर्षांनी अपील चालतं तेव्हा न्यायाधीशांसमोर फक्त ते निवेदन असतं. म्हणूनच एखादं उत्तर वादग्रस्त ठरणार असं वाटलं की जाणते वकील ते प्रश्नोत्तराच्या रूपातच नोंदवा असा आग्रह धरतात. म्हणजे त्यांना डायरेक्ट स्पीच हवं असतं, अवतरणचिन्हांसकट. ब्रिटिश पार्लमेंटच्या कामकाजाच्या अहवालातही १९०९ पूर्वी भाषणं बरीचशी तृतीय पुरुषात, ‘माननीय सदस्य म्हणाले की’ अशा थाटात येत. त्या वर्षी अहवाल सरकारी झाला आणि सदस्य स्वतःच्या ‘मी’ने बोलू लागले. आपल्या मंडळांच्या आणि सोसायट्यांच्या इतिवृत्तांनी जुनीच रीत ठेवली आहे, आणि त्यात सोय आहे: सभेत कोण किती तापलं होतं हे ‘सदस्यांनी नाराजी व्यक्त केली’ एवढ्यात निभावतं.

डायरेक्ट आणि इनडायरेक्ट यांच्यामधे आणखी एक प्रकार आहे, जो पेपरात कधी येत नाही. ‘ती खिडकीशी आली. पाऊस थांबला होता. आता निघायलाच हवं. पण छत्री मेली ठेवली कुठे?’ यातली शेवटची दोन वाक्यं कोणाची? अवतरण नाही, ‘ती म्हणाली’ नाही, ‘की’ नाही. तरी ‘मेली’ हा शब्द लेखकाचा नाही, तिचाच आहे. ‘आता’ तिचा आहे. पण ‘आली’ आणि ‘होता’ हे लेखकाचे. कादंबऱ्यांनी ही मिश्र रीत वापरून माणसाच्या मनात शिरायची सोय केली. येस्परसनने तिलाही नाव दिलं, ‘रेप्रेझेंटेड स्पीच’, त्याच पुस्तकात जिथे ‘बॅक-शिफ्टिंग’ आहे. ‘द फिलॉसफी ऑफ ग्रामर’ हे ते पुस्तक १९२४चं. गंमत अशी की रेनची ‘बो जेस्ट’ही १९२४चीच, आणि ई. एम. फॉर्स्टरची ‘अ पॅसेज टु इंडिया’सुद्धा.

हा फॉर्स्टर १९२१ साली इंदूरशेजारी देवासला, थोरल्या पातीच्या तुकोजीराव पवारांचा खाजगी चिटणीस होता. म्हणजे एका मराठी दरबारात रोज कोण काय म्हणालं ते ऐकायचं आणि पत्रांतून कळवायचं, हे त्याच्याही वाट्याला आलं. तिथून लिहिलेली पत्रं पुढे ‘द हिल ऑफ देवी’ या पुस्तकात आली. त्याच्या कादंबरीतला निवेदक कुठे थांबतो आणि पात्राचं मन कुठे बोलू लागतं, ही सीमा वाचकाला पुष्कळदा सापडत नाही. अशा परिच्छेदाचं डायरेक्ट स्पीचमध्ये रूपांतर करा, असा प्रश्न कोणी काढला तर अवतरणचिन्हं कुठे उघडायची आणि कुठे मिटायची यावर दोन परीक्षकांचंही एकमत व्हायचं नाही.